जपानी शिष्टाचार आणि दैनंदिन भाषा

जपानी शिष्टाचार आणि दैनंदिन भाषा या विषयात जपानमधील लोकांच्या परस्परव्यवहाराचे संकेत, घरातील व सार्वजनिक जीवनातील रीती आणि त्यांच्याशी जोडलेले बोलण्याचे प्रकार यांचा समावेश होतो. जपानी लोक आपल्या देशाला 'निहोन' किंवा 'निप्पोन' आणि आपल्या भाषेला 'निहोन्गो' म्हणतात. जगात सुमारे १२ कोटी लोक ही भाषा बोलतात व त्यांपैकी बहुतेक जपानमध्येच राहतात.

जपानीत शब्द आणि रीत यांना एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण आहे. घरातून निघताना, जेवणास आरंभ करताना किंवा कार्यालयातून बाहेर पडताना म्हणावयाची वाक्ये ठरलेली असतात. कोणते क्रियापद वापरावे हे बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, या तिघांच्या नात्यावर अवलंबून असते. या नात्याचा पाया 'उचि' (आतले, आपले) आणि 'सोतो' (बाहेरचे, परके) हा भेद होय. घराच्या उंबरठ्यापासून क्रियापदाच्या रूपापर्यंत हा भेद आढळतो, म्हणून तो समजल्यास अनेक वेगवेगळे वाटणारे नियम एका सूत्रात बसतात.

## उच्चार

जपानीत आ, इ, उ, ए, ओ असे पाच मूळ स्वर आहेत. 'आ' हा मराठी 'अ'पेक्षा मोकळा असला तरी ऱ्हस्व असतो. स्वराच्या लांबीमुळे अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी, तर 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'ओजिसान' म्हणजे काका किंवा मामा, तर 'ओजीसान' म्हणजे आजोबा. या लेखात दीर्घ 'ओ' वेगळा दाखविलेला नाही.

जोडव्यंजनामुळेही अर्थभेद होतो. 'किते' म्हणजे 'ये', तर 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. मराठीत अशी द्वित्त व्यंजने असल्यामुळे मराठी भाषकांना हा भेद सहज ऐकू येतो. 'त्सु' (उदा. त्सुनामी) हा वर्ण मराठी 'चाक', 'चमचा' या शब्दांतील दंततालव्य 'च'च्या जवळचा आहे, तर 'गोझाइमासु'मधील 'झ' हा 'जरा'मधील 'ज'च्या जवळचा आहे. 'फु' उच्चारताना दात ओठाला लागत नाहीत. दोन्ही ओठ जवळ आणून हलकी फुंकर घातली जाते. 'र' आणि 'ल' असे दोन वेगळे वर्ण जपानीत नाहीत.

'देसु' आणि 'मासु' यांतील अंत्य 'उ' बोलताना जवळजवळ लोप पावतो व ते 'देस', 'मास' असे ऐकू येतात. काही शब्दांचा अर्थ स्वराच्या चढउतारावरून ठरतो. तोक्योच्या बोलीत 'हाशि' या शब्दातील पहिले अक्षर उंच स्वरात उच्चारल्यास जेवणाच्या काड्या आणि दुसरे उंच उच्चारल्यास पूल असा अर्थ होतो.

## लेखनपद्धती

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र वापरल्या जातात.

- कांजी: चीनमधून आलेली अर्थदर्शक चिन्हे. २०१० साली सुधारलेल्या अधिकृत यादीत दैनंदिन वापराच्या २,१३६ कांजी आहेत.
- हिरागाना: कांजींच्या वळणदार लेखनातून तयार झालेली अक्षरे. प्रत्यय, क्रियापदांची रूपे व अनेक देशी शब्द यांसाठी ती वापरतात.
- काताकाना: कांजींच्या अवयवांपासून तयार झालेली अक्षरे. मुख्यतः परकीय शब्द व परदेशी नावे यांसाठी ती वापरतात. मराठी व्यक्तीचे नावही जपानमध्ये सामान्यतः काताकानात लिहिले जाते.

हिरागाना व काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत. त्यांचा आजचा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून आला आहे. बौद्ध मंत्र लिहिण्यासाठी वापरली जाणारी सिद्धम् ही भारतीय लिपी जपानी भिक्षूंनी अभ्यासली आणि तिच्या वर्णक्रमाचा ठसा जपानी अक्षरमालेवर उमटला. आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनंतर का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. 'हा'ची ओळ 'मा'च्या आधी का, असा प्रश्न मराठी वाचकास पडेल. प्राचीन जपानीत या ओळीचा उच्चार 'प'सारखा होता. म्हणजे ती पवर्गाच्याच जागी आहे.

एका कांजीचे बहुधा दोन प्रकारचे उच्चार असतात: देशी आणि चिनीवरून आलेला. पर्वत या अर्थाच्या कांजीचा देशी उच्चार 'यामा' व चिनीवरून आलेला उच्चार 'सान' आहे. फुजि पर्वतास जपानी लोक 'फुजिसान' म्हणतात. त्यातील 'सान' म्हणजे पर्वत. व्यक्तीच्या नावापुढे लागणाऱ्या आदरार्थी 'सान'शी त्याचा संबंध नाही.

परकीय शब्दांपैकी 'पान' हा शब्द मराठी वाचकास विशेष वाटेल. त्याचा अर्थ पाव असा आहे. जपानी 'पान' आणि मराठी 'पाव' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत.

## वाक्यरचना

जपानी आणि मराठी यांचे भाषाकुल वेगळे आहे, तरी वाक्यातील शब्दांचा क्रम पुष्कळसा सारखा आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि शब्दाचे वाक्यातील कार्य त्याच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययाने किंवा अव्ययाने दाखविले जाते. 'तानाका-सान वा गाक्को दे निहोन्गो ओ ओशिएमासु' या वाक्याचा मराठी अर्थ 'तानाका शाळेत जपानी शिकवतात' असा होतो. येथे 'वा' हे कोणाविषयी बोलले जात आहे ते दाखविते, 'दे' हे 'त' या प्रत्ययाप्रमाणे स्थळ दाखविते आणि 'ओ' कर्म दाखविते.

- 'नो' हे चा, ची, चे या प्रत्ययांचे काम करते. 'वाताशि नो होन' म्हणजे 'माझे पुस्तक'.
- 'का' हे वाक्याच्या शेवटी येऊन प्रश्न दाखविते. 'गाकुसेइ देसु का' म्हणजे 'विद्यार्थी आहात का?' मराठी 'का'शी असलेले हे साम्य योगायोगाचे आहे.
- वाक्याच्या शेवटचे 'ने' हे मराठी 'ना' किंवा 'नाही का' याप्रमाणे ऐकणाऱ्याची संमती अपेक्षिते.

मराठीतील लिंगभेद जपानीत नाही. नामाचे अनेकवचन बहुधा केले जात नाही आणि क्रियापद कर्त्याच्या लिंग-वचन-पुरुषानुसार बदलत नाही. संदर्भाने कळणारा कर्ता गाळला जातो. वरील प्रश्नात 'तुम्ही' हा शब्द नाही, तो याच कारणाने.

## आदरार्थी भाषा

जपानीतील आदरार्थी भाषेस 'केइगो' म्हणतात. तिचे तीन मुख्य प्रकार पारंपरिकपणे सांगितले जातात.

- तेइनेइगो: ऐकणाऱ्याशी सभ्यपणे बोलण्याची भाषा. 'देसु' व 'मासु' ही तिची चिन्हे आहेत. परदेशी विद्यार्थ्यास प्रथम हीच शिकवितात.
- सोन्केइगो: दुसऱ्याच्या कृतीला मान देणारी भाषा.
- केन्जोगो: स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या कृतीला नम्र करणारी भाषा.

'खाणे' यासाठी साधे क्रियापद 'ताबेरु', सन्मानदर्शक 'मेशिआगारु' व नम्र 'इतादाकु' असे आहे. 'म्हणणे' यासाठी अनुक्रमे 'इउ', 'ओश्शारु' व 'मोसु' ही क्रियापदे आहेत. पाहुणा जेवतो तेव्हा 'मेशिआगारु' आणि आपण जेवतो तेव्हा 'इतादाकु' असा प्रयोग होतो. स्वतःच्या कृतीस सन्मानदर्शक क्रियापद लावणे ही मोठी चूक मानली जाते.

मराठी भाषकास सर्वांत अवघड जाणारा भाग येथेच आहे. मराठीत आदर बहुतांशी वय, नाते व पद यांवर ठरतो आणि व्यक्तीबरोबर कायम राहतो. कार्यालयातील वरिष्ठांविषयी सहकाऱ्याशी बोलताना जसे 'साहेब बाहेर गेले आहेत' असे म्हणतात, तसेच बाहेरून आलेल्या माणसालाही सांगतात. जपानीत तसे होत नाही. विभागप्रमुख तानाका यांच्याशी बोलताना कर्मचारी सन्मानदर्शक रूपे वापरतो. परंतु दुसऱ्या कंपनीच्या माणसाचा दूरध्वनी आला, तर त्याच तानाकांचा उल्लेख 'सान' न लावता नुसत्या आडनावाने व नम्र क्रियापदाने करतो. बाहेरच्या माणसासमोर प्रमुख आणि कर्मचारी दोघेही 'आतले' ठरतात आणि आतल्याला बाहेरच्यासमोर उंच करणे म्हणजे स्वतःचीच प्रशंसा करणे होय. म्हणजे आदर व्यक्तीला चिकटलेला नसून समोर कोण आहे त्यानुसार सरकतो.

## संबोधने व आप्तवाचक शब्द

जपानी नावात आडनाव आधी व व्यक्तिनाम नंतर येते. २०२० पासून जपान सरकार रोमन लिपीतील आपल्या कागदपत्रांतही हाच क्रम पाळते. ओळखीच्या माणसास सामान्यतः आडनाव व 'सान' असे संबोधतात. 'सामा' हे अधिक आदराचे असून ग्राहक, पत्राचा मायना व देवता यांच्या बाबतीत वापरतात. 'कुन' बहुधा मुलांना व कनिष्ठ पुरुषांना, तर 'च्यान' लहान मुलांना व जवळच्यांना लावतात. शिक्षक, डॉक्टर, वकील यांना 'सेन्सेइ' म्हणतात. स्वतःच्या नावापुढे यांपैकी काहीही लावत नाहीत.

'तुम्ही' या अर्थी 'आनाता' हा शब्द पुस्तकात आढळतो, परंतु वरिष्ठांना किंवा नाव माहीत असलेल्या व्यक्तीस उद्देशून तो वापरणे उद्धटपणाचे वाटू शकते. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' या सर्वनामांतून जो भेद होतो, तो जपानीत नाव, पद आणि क्रियापद यांतून होतो.

आप्तवाचक शब्दांतही आत-बाहेर हा भेद आहे. परक्यांपाशी स्वतःच्या वडिलांचा उल्लेख 'चिचि' व आईचा 'हाहा' असा करतात. समोरच्याच्या वडिलांना 'ओतोसान' व आईला 'ओकाआसान' म्हणतात. घरात मात्र आपल्याच आईवडिलांना हाक मारताना 'ओतोसान', 'ओकाआसान' हेच शब्द येतात. मोठ्या भावाला 'ओनीसान' व मोठ्या बहिणीला 'ओनेएसान' म्हणतात, तर धाकट्या भावंडांना नावाने हाक मारतात. ही पद्धत मराठीतील दादा-ताईसारखीच आहे. मूल झाल्यावर पती-पत्नी परस्परांना मुलाच्या नात्याने 'ओतोसान', 'ओकाआसान' म्हणू लागतात, हेही मराठी घरांना अपरिचित नाही. अनोळखी वृद्धांनाही आजी-आजोबा या अर्थाची संबोधने वापरली जातात, मात्र मध्यमवयीन स्त्रीला 'ओबासान' म्हटलेले तिला आवडेलच असे नाही.

## दैनंदिन अभिवादने

- ओहायो गोझाइमासु: सकाळचे अभिवादन. जवळच्यांत नुसते 'ओहायो'.
- कोन्निचिवा: दिवसाचे अभिवादन. घरातील माणसांना सहसा म्हणत नाहीत.
- कोम्बानवा: संध्याकाळचे अभिवादन.
- ओयासुमिनासाइ: झोपण्यापूर्वी किंवा रात्री निरोप घेताना.
- हाजिमेमाशिते: प्रथम भेटीत. यानंतर नाव सांगून 'योरोशिकु ओनेगाइ शिमासु' म्हणजे 'आपली कृपा असू द्यावी' अशा अर्थाचे वाक्य म्हणतात.
- आरिगातो गोझाइमासु: आभार. झालेल्या गोष्टीबद्दल 'आरिगातो गोझाइमाशिता'.
- सुमिमासेन: क्षमायाचना, लक्ष वेधणे आणि आभार या तिन्ही प्रसंगी. आपल्यामुळे दुसऱ्याला तसदी पडली ही भावना तिन्हींत समान आहे.
- गोमेन नासाइ: वैयक्तिक क्षमायाचना.
- दोझो: 'घ्या', 'या', 'बसा' अशा अर्थी देऊ करण्याचा शब्द.
- ओनेगाइ शिमासु: विनंतीचा शब्द.

'सायोनारा' हा शब्द परदेशात सर्वाधिक प्रसिद्ध असला, तरी रोजच्या निरोपासाठी मोठी माणसे तो फारसा वापरत नाहीत. त्यात दीर्घ वियोगाची छटा असते. मित्रांमध्ये 'ज्या, माता' (बरं, पुन्हा भेटू) आणि औपचारिक प्रसंगी 'शित्सुरेइ शिमासु' (रजा घेतो) असे म्हणतात. कार्यालयात काम संपल्यावर 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणजे 'आपण दमलात' अशा अर्थाचे वाक्य म्हणून एकमेकांच्या श्रमांची दखल घेतली जाते.

घराच्या दाराशी चार वाक्ये म्हटली जातात. बाहेर पडणारा 'इत्तेकिमासु' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' असा आहे. घरातील माणूस 'इत्तेराश्शाइ' म्हणजे 'जाऊन या' असे उत्तर देतो. परत आल्यावर 'तादाइमा' (आत्ताच आलो) व त्यावर 'ओकाएरी नासाइ' (आलात, या) असे म्हणतात. मराठीत घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची जी रीत आहे, तिच्याशी 'इत्तेकिमासु'चे साम्य लक्षात येण्यासारखे आहे.

## होकार, नकार आणि मौन

'हाय' म्हणजे 'होय' आणि 'इइए' म्हणजे 'नाही'. परंतु संभाषणात वारंवार येणारे 'हाय' पुष्कळदा 'ऐकतो आहे' एवढ्याच अर्थाचे असते. बोलणाऱ्याला अशा प्रकारे साथ देण्यास 'आइझुचि' म्हणतात. मराठीतील 'हं', 'बरं' यांचे कार्य असेच आहे. ती संमती समजल्यास व्यवहारात मोठे गैरसमज होतात.

सरळ नकार देणे शक्यतो टाळले जाते. निमंत्रणास उत्तर देताना 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' एवढे म्हणून वाक्य अर्धवट सोडले, तर तो नकार समजावा. 'कांगाएते ओकिमासु' म्हणजे 'विचार करून ठेवतो' हे उत्तरही बहुधा नकाराचेच असते. मराठीतील 'बघू या' हे उत्तर ज्याला कळते, त्याला हा संकेत परका वाटणार नाही.

मनातील भावनेस 'होन्ने' व चारचौघांत मांडलेल्या भूमिकेस 'तातेमाए' म्हणतात. यांतील अंतरास परदेशी निरीक्षक कधीकधी अप्रामाणिकपणा समजतात. तथापि दोन्ही पक्षांना संकेत माहीत असल्यामुळे समोरच्याची फसवणूक हा त्याचा हेतू नसतो. कोणाचीही मानहानी न होता मतभेद कळावा, ही सोय त्यात असते.

## वाकून अभिवादन व भेटकार्ड

जपानी अभिवादनास 'ओजिगि' म्हणतात. कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून ते केले जाते. शिष्टाचाराच्या शिकवणीत सुमारे १५ अंशांचे साधे, ३० अंशांचे आदराचे आणि ४५ अंशांचे अत्यादराचे किंवा गंभीर क्षमायाचनेचे असे प्रकार सांगतात. हात जोडून नमस्कार करणे हे तेथे भेटीचे अभिवादन नाही. हात जोडणे प्रार्थनेचे व भोजनसमयीचे चिन्ह आहे.

व्यावसायिक भेटीत 'मेइशि' म्हणजे भेटकार्ड दोन्ही हातांनी देतात व घेतात. मिळालेले कार्ड वाचून बैठक संपेपर्यंत समोर ठेवतात. त्यावरील संस्था व पद यांवरून समोरच्याशी कोणत्या पातळीवरची भाषा वापरावयाची ते कळते.

## घरातील रीती

जपानी घराच्या दारातील सखल जागेस 'गेन्कान' म्हणतात. तेथे पादत्राणे काढून पायरीवर चढले की मनुष्य 'आत' येतो. पाहुणा येथे 'ओज्यामा शिमासु' म्हणजे 'आपणास अडथळा आणतो' असे म्हणतो. काढलेली पादत्राणे टोके दाराकडे करून ठेवतात. घरात सपाता दिल्या जातात, परंतु तातामी या गवती चटयांच्या खोलीत त्याही काढतात. शौचालयासाठी बहुधा वेगळ्या सपाता असतात.

'ओफुरो' म्हणजे स्नानाचा हौद. अंग बाहेरच स्वच्छ धुऊन मग गरम पाण्यात बसतात, कारण तेच पाणी घरातील सर्वजण वापरतात. सार्वजनिक स्नानगृहे (सेन्तो) व उष्णोदकाचे झरे (ओन्सेन) येथेही हाच नियम आहे.

## भोजन

जेवणापूर्वी 'इतादाकिमासु' म्हणतात. हे 'इतादाकु' या वर सांगितलेल्या नम्र क्रियापदाचे रूप असून 'मी नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा अर्थ आहे. जेवणानंतर 'गोचिसोसामा देशिता' म्हणून आभार मानतात.

भात व सूप यांची वाटी हातात उचलून खातात. खाण्याच्या काड्यांविषयी दोन निषेध कटाक्षाने पाळले जातात आणि दोन्हींचे मूळ अंत्यविधीत आहे. काड्या भातात उभ्या रोवत नाहीत, कारण मृतास अर्पण करावयाच्या भातात त्या तशा रोवतात. एका काड्यांतून दुसऱ्या काड्यांत पदार्थ देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी गोळा करताना नातेवाईक अस्थी तशा एकमेकांकडे देतात. उपाहारगृहात बक्षिसी देण्याची प्रथा नाही. शाकाहारी व्यक्तीने लक्षात ठेवावे की भाज्यांच्या पदार्थांतही वापरला जाणारा 'दाशि' हा अर्क बहुधा माशापासून केलेला असतो. जपानी पारंपरिक भोजनपद्धती 'वाशोकु' हिचा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

## भेटवस्तू व सार्वजनिक व्यवहार

प्रवासाहून येताना सहकारी व कुटुंबीय यांच्यासाठी त्या गावचा प्रसिद्ध खाऊ आणतात. त्यास 'ओमियागे' म्हणतात. उन्हाळ्यात 'ओच्युगेन' व वर्षअखेरीस 'ओसेइबो' या भेटी ऋणानुबंध जपण्यासाठी पाठवितात. विवाहात नव्या कोऱ्या नोटा विशेष पाकिटात घालून देतात. सम रकमेचे दोन समान भाग होतात, म्हणून विषम रक्कम शुभ मानली जाते. मराठी आहेरात एक रुपया वाढवून ५१ किंवा १०१ देतात, त्यामागील भावना हिच्याशी जुळणारी आहे. अंत्यविधीत मात्र कोऱ्या नोटा टाळतात. मृत्यूची आधीच तयारी करून ठेवली होती असे वाटू नये, हे त्याचे कारण आहे.

रेल्वेत दूरध्वनीवर बोलणे टाळतात. कचरा प्रकारानुसार वेगळा करून ठरलेल्या दिवशीच बाहेर ठेवतात. शाळेत विद्यार्थी स्वतः वर्ग झाडतात आणि अनेक शाळांत दुपारचे जेवण पाळीपाळीने वाढतात. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते.

## सण व श्रद्धा

जपानमध्ये शिंतो व बौद्ध परंपरा एकत्र नांदतात. शिंतो देवस्थानास 'जिन्ज्या' म्हणतात व त्याच्या प्रवेशाशी 'तोरी' ही कमान असते. तेथे सामान्यतः दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून पुन्हा एकदा वाकतात. बौद्ध मंदिरात (तेरा) टाळी न वाजवता हात जोडतात. काही भारतीय देवता बौद्ध धर्माबरोबर जपानमध्ये पोहोचल्या. बेन्झाइतेन ही सरस्वती होय, तर दाइकोकुतेन याचे मूळ महाकालात आहे.

१८७३ पासून जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारल्यामुळे नववर्ष (ओशोगात्सु) १ जानेवारीस साजरे होते. फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या सेत्सुबुन या दिवशी भाजलेले सोयाबीन फेकून दुष्ट शक्तींनी 'सोतो' जावे व सौभाग्याने 'उचि' यावे, अशी घोषणा करतात. ३ मार्चला मुलींचा हिनामात्सुरी, ५ मे रोजी बालदिन व ७ जुलैला तानाबाता येतो. बऱ्याच भागांत ऑगस्टच्या मध्यास ओबोन पाळतात. या काळात पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी श्रद्धा असून लोक मूळ गावी जातात.

## संख्या व कालगणना

एक ते दहा या संख्या अशा आहेत: इचि, नि, सान, योन (किंवा शि), गो, रोकु, नाना (किंवा शिचि), हाचि, क्यू (किंवा कु), जू. 'शि' या उच्चाराचा अर्थ मृत्यू आणि 'कु'चा अर्थ दुःख असाही होतो, म्हणून काही इमारतींत व रुग्णालयांत ४ व ९ हे खोली क्रमांक टाळतात. मोजताना वस्तूच्या आकारानुसार वेगळा शब्द जोडतात: एक माणूस 'हितोरी', एक कागद 'इचिमाइ', एक पेन्सिल 'इप्पोन'.

मोठ्या संख्या दहा हजारांच्या (मान) पटीत मोजतात. एक लाख म्हणजे 'जू-मान' (दहा मान), एक कोटी म्हणजे 'इस्सेन-मान' (हजार मान) आणि दहा कोटी म्हणजे एक 'ओकु' होय.

सरकारी कागदपत्रांत सम्राटाच्या कारकिर्दीनुसार वर्ष लिहिण्याची पद्धत आहे. १ मे २०१९ रोजी 'रेइवा' हे सध्याचे युग सुरू झाले. त्यानुसार २०२४ हे रेइवा ६ होय.

## विविधता व बदल

वरील वर्णन प्रमाण व्यवहाराचे आहे. सर्व जपानी माणसे सर्वकाळ तसेच वागतात असे नाही. सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे, तर ओसाकात उजवीकडे उभे राहण्याची सवय आहे. ओसाका परिसरात आभारासाठी 'ओओकिनि' असा वेगळा शब्द आहे. उत्तरेकडील आइनु लोकांची भाषा जपानीहून पूर्णतः भिन्न असून, २०१९ च्या कायद्याने त्यांना मूलनिवासी म्हणून मान्यता मिळाली. दक्षिणेकडील र्युक्यु बेटांवर जपानीशी नाते असलेल्या स्वतंत्र भाषा आहेत.

समाजात वादही आहेत. विवाहानंतर पती-पत्नींचे आडनाव एकच असावे या कायदेशीर अटीविरुद्ध दीर्घकाळ मागणी सुरू आहे. केइगोचा योग्य वापर जपानी तरुणांनाही अवघड जातो. २००७ मध्ये शासनाच्या सांस्कृतिक परिषदेने केइगोविषयी मार्गदर्शिका सिद्ध केली व तिचे पाच प्रकार मांडले.

## मराठी भाषकांशी संबंध

पुणे हे भारतातील जपानी भाषाशिक्षणाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. 'जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा' ही १९८४ मध्ये सुरू झालेली परीक्षा येथेही घेतली जाते. २०१० पासून तिच्या एन५ (प्राथमिक) ते एन१ (सर्वोच्च) अशा पाच पातळ्या आहेत. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान हे जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर उभारले असून ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ओळखले जाते. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपानचे चित्रण आहे. पाच-सात-पाच अशा रचनेचा हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने शिरीष पै यांना दिले जाते.

क्रियापदान्त वाक्ये, द्वित्त व्यंजने व वर्णक्रम यांमुळे मराठी विद्यार्थ्यास जपानीचा आरंभ तुलनेने सोपा जातो. पुढील अडचण कांजींची व त्याहून अधिक नात्यांची असते. समोरची व्यक्ती या क्षणी आतली की बाहेरची, हे ओळखता आल्यावरच पाठ केलेली वाक्ये योग्य जागी पडू लागतात.